हेस्टर बेटमनची मोहोर

जुन्या इंग्रजी चांदीत माझा जीव कशात अडकला असेल तर तो ‘ब्राइट-कट’ नक्षीच्या चमच्यांत. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत लंडनमध्ये या नक्षीला बहर आला. कोरणीचं टोक आरशासारखं घोटायचं, तिरकं धरायचं आणि चांदीचा बारीक कपचा उचलायचा; मागे उरतो तो लखलखता पैलू. दांडीच्या कडेने अशा पैलूंची रांग असते आणि चमचा जरा कलला की उजेड तिच्यावरून धावत जातो. घासूनघासून हे पैलू बोथट होतात. म्हणूनच चकाचक केलेल्या चमच्यापेक्षा काळवंडलेला, पण नक्षीची धार शाबूत असलेला चमचा मी केव्हाही वरचा मानीन.

मागचे ठसे जाणकारांना पाठ असतात. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं मुंडकं लंडनचं, अक्षर वर्षाचं. डिसेंबर १७८४ पासून राजाचं डोकं, म्हणजे कर भरल्याची खूण. उरतो कारखानदाराचा ठसा, आणि तिथे लपेटीदार वळणाची एच आणि बी ही अक्षरं दिसली की संग्राहकांचे डोळे चमकतात.

ही हेस्टर बेटमन. नवरा जॉन साखळ्या घडवायचा. १७६० साली तो क्षयाने गेला आणि आपली हत्यारं बायकोच्या नावे ठेवून गेला. पुढच्याच वर्षी, पन्नाशी ओलांडलेल्या हेस्टरने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःचा ठसा नोंदवला. तिला लिहिता येत नव्हतं. बनहिल रो इथल्या कारखान्यातून तिची अक्षरं मात्र हजारो चमच्यांवर उमटली.

१९५९ साली डेव्हिड शूर यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच तिला इंग्लिश चांदीकारांची राणी ठरवलं. नंतरच्या अभ्यासकांनी हरकत घेतली : ठसा कारखान्याच्या मालकिणीचा, त्यावरून प्रत्येक वस्तू तिने हाताने घडवली असं कसं म्हणायचं? हरकत रास्त आहे. नक्षी कोरणाऱ्यांची तर नावंही चमच्यांवर नाहीत, आणि हा अन्याय मला फार सलतो. पण तेवढ्याने हेस्टर लहान होत नाही. गिरणीत लाटलेला पातळ पत्रा वापरून तिच्या कारखान्याने मध्यमवर्गाला परवडेल अशी हलकी, देखणी चांदी बनवली. त्या पातळपणाला नाकं मुरडणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं, की कमी चांदीत इतका डौल साधणं हेच खरं कसब. मुलं, सून, कामगार यांना एका रेषेत चालवत तिने जवळजवळ तीस वर्षं धंदा वाढवला.

१७९० मध्ये ती निवृत्त झाली. पीटर आणि जोनाथन या मुलांनी जोडठसा नोंदवला. तो काही महिनेच चालला, कारण १७९१ साली जोनाथन वारला. लगेच त्याची विधवा अॅन दिरासोबत ठसा नोंदवून कारखान्यात भागीदार झाली. सासू तेव्हा हयात होती. ती १७९४ साली गेली.