घटातलं धान पिवळं का?

नवरात्रात पाचव्या माळेच्या दिवशी देव्हाऱ्यापाशी वाकून पाहिलं, की घटाभोवतीचं धान चांगलं वर आलेलं दिसतं. गहू सुईसारखा सरळ, ज्वारीचं पान जरा रुंद, मक्याचा कोंब जाड आणि हरभरा मान वाकडी करून बसलेला. सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. घरातली मोठी माणसं कौतुकाने म्हणतात, यंदा धान जोमात आलंय. एखादं सहा-सात वर्षांचं पोर मात्र हमखास विचारतं, "आजी, अंगणातलं गवत हिरवं आहे, मग हे पिवळं का गं?"

बहुतेक घरांत या प्रश्नावर "ते देवीचं असतं, हात लावू नकोस," एवढंच उत्तर मिळतं. मूल गप्प होतं आणि प्रश्न तिथेच राहतो. वनस्पतिशास्त्र शिकवायला याहून चांगली सुरुवात नसेल, आणि ती महाराष्ट्रात लाखो घरांत दरवर्षी आपसूक होते.

उत्तर तसं सोपं आहे. दाण्यात रोपाची सुरुवातीची शिदोरी बांधलेली असते. तिच्या जोरावर कोंब अंधारातही वाढतो. पण त्याला हिरवा करणारं हरितद्रव्य तयार होण्याची शेवटची पायरी उजेडाशिवाय ओलांडता येत नाही. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात समईचा मंद उजेड तेवढा असतो. अशा जागी रोप पानं रुंद करण्यात शिदोरी घालवत नाही. जमिनीखाली आहोत असं समजून ते सगळी ताकद उंच होण्यात लावतं, वर कुठेतरी उजेड भेटेल म्हणून. त्यामुळे घटाचं धान उंच, नाजूक आणि पिवळं होतं. पिवळेपणा येतो तो पानात आधीपासूनच असलेल्या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे. एरवी हिरव्याखाली ती झाकलेली असतात.

हे सांगण्यापेक्षा करून दाखवणं सोपं आहे. घटस्थापनेच्या दिवशी वर्गात दोन परड्या ठेवायच्या. माती एकाच शेतातली, दाणे मोजून सारखे, पाणीही वाटीने मोजून सारखं. एक परडी खिडकीत, दुसरी खोक्याखाली. रोज ठरलेल्या वेळी मोजपट्टी लावून उंची लिहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारातलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच निघतं आणि वर्गात गलका होतो, कारण जवळजवळ सगळ्यांनी उलटं सांगितलेलं असतं. उंच म्हणजे सशक्त, ही समजूत तिथल्या तिथे मोडते. मग खोकं उचलायचं, ती परडी उन्हात आणायची आणि हिरवी झाक कितव्या तासाला दिसली ते घड्याळ पाहून टिपायचं. दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत रंग बदललेला असतो.

या खेळातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन परड्यांत फरक एकच असणं. माती, दाणे आणि पाणी बदललं नाही, बदलला तो फक्त उजेड. 'एका वेळी एकच गोष्ट बदल' हा प्रयोगाचा सगळ्यात जुना नियम चौथीतल्या मुलालाही पाठ न करता कळतो. मूग, वाल, हरभरा आणि मका शेजारी शेजारी लावले तर आणखी एक गंमत दिसते. मूग आणि वाल आपली दोन्ही दलं उचलून मातीबाहेर आणतात. हरभरा आणि तूर ती मातीतच ठेवतात आणि फक्त शेंडा वर पाठवतात. पावसाळ्यात चिंचेखाली उगवलेल्या रोपांना दोन जाडजूड दलं दिसतात, तीही चिंचोक्याचीच, मातीतून वर आलेली. हे एकदा कळलं, की मुलं शाळेच्या वाटेवरची रोपं उकरून बघायला लागतात. बघू द्यावीत.

वालाचा दाणा काचेच्या पेल्यात ओला टीपकागद आणि काच यांच्यामध्ये अडकवला, की मूळ काचेतून स्पष्ट दिसतं. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा खाली निघालेलं असतं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. पेला आडवा केला की ते नव्या 'खालच्या' बाजूला जाऊन बसतात आणि मुळाला दिशा कळते.

कोंबाचं तसंच, फक्त त्याचा ओढा उजेडाकडे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर उजेड अडवणाऱ्या बारीक टोप्या चढवल्या. टोक झाकलं तर कोंब उजेडाकडे वळत नाही आणि मोकळं ठेवलं तर वळतो, हे त्यांनी दाखवलं. वळतो तो भाग मात्र टोकापासून खाली असतो. म्हणजे उजेड 'पाहतं' टोक आणि वाकतो देह. मधे काहीतरी निरोप जात असणार. हे निरीक्षण १८८० सालच्या त्यांच्या पुस्तकात आहे. तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं संप्रेरक, हे पुढे १९२०च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून दाखवलं. डार्विन यांचा प्रयोग गव्हावर करायला लागतं काय? गहू मातीबाहेर बोटाच्या पेराएवढा आला, पान अजून आवरणातून फुटलं नाही, अशा वेळी चॉकलेटच्या चांदीचा तुकडा काडीवर गुंडाळून टोपी करायची. पाच कोंबांना टोप्या, पाच उघडे, आणि बाजूला भोक पाडलेलं खोकं. चांदी गुंडाळताना दोन-तीन कोंब मोडतातच, म्हणून दाणे जास्त पेरून ठेवावेत.

आणखी एक प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. शाळेसमोरच्या वडाचं एवढं मोठं खोड, एवढं लाकूड, आलं कुठून? मुलं झटकन 'मातीतून' म्हणतात, मोठी माणसंही तेच म्हणतात. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या फ्लेमिश वैद्याने हे तपासायचं ठरवलं. कोरड्या मातीचं वजन केलं, २०० पौंड. त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं आणि माती कमी झाली ती जेमतेम दोन औंस. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापलं गेलं. झाड पाण्यातून झालं असा निष्कर्ष त्यांनी काढला, तो अर्धवट निघाला. लाकडाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बनच असतो. पण मत मांडण्याआधी माती तराजूत घालणारा तो माणूस मुलांना भेटायलाच हवा. चुकलेला निष्कर्ष आणि नेटका प्रयोग एकाच माणसाचे असू शकतात, हे पाठ्यपुस्तकांतून फारसं कळत नाही.

शाळांमधून झाडं लावली जात नाहीत असं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, रोपाभोवती उभं राहून फोटो निघतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातली किती जगली याची नोंद किती शाळांत असते? रोप मेलं तर ते का मेलं, हा मुलांसाठी जगलेल्या रोपाइतकाच मोठा धडा आहे. खड्डा उथळ होता, की शेळीने शेंडा खाल्ला, की सुट्टीत पाणी पडलं नाही? रोपाला नाव आणि वही मिळाली तर ही चौकशी होते. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप जातं.

वहीतला हिशेब घरच्यांच्या कामी येतो तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळते. घटस्थापना म्हणजे रब्बीच्या पेरणीआधी बियाणं पारखून घेण्याची रीत, असं जुनेजाणते शेतकरी सांगतात. तीच पारख खरिपाआधी सोयाबीनची करता येते. २०२० च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, अशा हजारो तक्रारी मराठवाड्यासह राज्यभरातून आल्या होत्या. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. मळणीत मार लागला किंवा पोती आदळली की आतला अंकुर दुखावतो, वरून दाणा मात्र ठणठणीत दिसतो. म्हणून कृषी खातं पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासायला सांगतं.

ही तपासणी सातवीचा वर्ग आरामात करू शकतो. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करायचा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी घेऊन, न निवडता १०० दाणे मोजायचे. निवडायचा मोह आवरणं हाच इथला खरा धडा आहे. दहा-दहाच्या दहा ओळी मांडून वर दुसरा ओला तुकडा, मग सैलसर गुंडाळी, सावलीत ठेवणं आणि रोज पाण्याचा शिडकावा. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडली की आंबूस ओला वास येतो. गोणपाटाच्या धाग्यांत पांढरी मुळं गुंतलेली असतात, काही दाणे नुसते फुगून मऊ पडलेले, काहींवर बुरशीचा कापूस. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजायचे. ७० किंवा अधिक भरले तर बियाणं पेरण्याजोगं, एकरी ३० किलो. ६० च भरले तर किती लागेल? त्रैराशिक मांडलं की ३५ किलो येतात. गणिताच्या तासाला फळ्यावर आलेला हा आकडा संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सांगता येतो, आणि वडील तो लक्ष देऊन ऐकतात. प्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडणार?

शेतीतून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतात काम करतात. जिल्हा परिषद शाळांतही परसबागांनी आता चांगलं मूळ धरलं आहे. शालेय पोषण आहारासाठी शाळेतच भाज्या पिकवाव्यात, अशा मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये केंद्र सरकारने काढल्या. जेवणानंतर हात धुतल्याचं पाणी पाटाने वाफ्यात सोडलेलं अनेक शाळांत दिसतं. मेथी महिनाभरात काढायला येते, म्हणून पहिल्या वाफ्यात मेथीच असावी. मुलांचा धीर तेवढाच असतो. शेवगा आणि कढीपत्ता कुंपणाशी, दोडका तारेवर. आपण लावलेली भाजी खिचडीत पडली की ती ताटात उरत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारावं.

परसबागेचं खरं दुखणं मे महिना. शाळेला कुलूप, विहीर आटलेली. इथे पुन्हा घटच मदतीला येतो. परडीतल्या धानाला वरून फारसं पाणी घालावं लागत नाही. मातीचा घट पाझरतो आणि भोवतीच्या मुळांना लागेल तेवढी ओल देत राहतो. रोपाशेजारी भाजलेलं, पण न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यावर झाकण ठेवलं, की तेच होतं. माती कोरडी पडली की पाझर वाढतो, ओली असली की मंदावतो. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही पुरलेल्या मडक्यांची ही रीत नोंदलेली आहे. मडकं किती दिवसांत रिकामं होतं हे मुलांनी एप्रिलमध्येच मोजून ठेवलं, तर सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्या कुणी किती दिवसांनी भरायचं ते ठरवता येतं.

शहरातल्या शाळेला वाफ्यापुरतीही जमीन नसते. तिथे एक झाड पुरेसं आहे. 'सीझनवॉच' नावाचा देशव्यापी उपक्रम एवढंच मागतो. एक झाड निवडा, दर आठवड्याला त्याच्याकडे जा आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं आहेत का, थोडी की पुष्कळ, ते लिहा. केरळातल्या शाळांनी यात मोठा वाटा उचलला आहे. शाळेच्या फाटकापाशी बहावा असेल तर त्याला पहिला पिवळा घोस कोणत्या आठवड्यात आला, ते पाचवीच्या मुलांनी लिहावं आणि वही पुढच्या पाचवीला द्यावी. दहा वर्षांच्या दहा वह्या एकत्र ठेवल्या की बदलत्या हवामानाबद्दल तिथे जे दिसेल, ते त्या शाळेचं स्वतःचं असेल.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरच्या आणि आसपासच्या गावठी वाणांचं बी त्यांनी जपलं, वालाचेच कितीतरी प्रकार. त्यातून बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेच्या परसबागेतही वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका तोडायचा नाही, वाळू द्यायचा. माघात तो हलवला की आत बिया खुळखुळतात. त्या मोजायच्या, राखेत घोळायच्या आणि कागदाच्या पाकिटात भरायच्या. पाकिटावर वाणाचं नाव, बी काढल्याची तारीख, मोजलेला आकडा आणि ज्या मुलीने बी काढलं तिचं नाव. मृग लागला की ते पाकीट खालच्या वर्गाच्या हातात द्यायचं.