तापलेल्या शेडमधला जुना फ्रीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद या मांजरा-गोदावरीच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि घरात नवा फ्रीज आला की जुना फ्रीज बहुधा मोटारसायकल ठेवण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुकानामागच्या खोलीत हलवला जातो. माळवदाच्या घरात छतावरचा मातीचा जाड थर ऊन अडवून धरतो. पत्र्याखाली मात्र दुपारचे तापमान बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक असते. अशा जागी फ्रीज थंड करीनासा झाला की दोष त्याच्या माथी मारला जातो, आणि पहिला गैरसमज इथेच आहे.

फ्रीज थंडी निर्माण करत नाही; तो आतली उष्णता उचलून बाहेरच्या हवेत सोडतो, त्यामुळे बाहेरची हवा किती तापलेली आहे यावर त्याचे सारे काम अवलंबून असते. आत 4 अंश राखायचे असतील, तर बाहेर 25 अंश असताना हा फरक 21 अंशांचा राहतो आणि बाहेर 43 अंश झाले की तो 39 अंशांवर जातो, म्हणजेच भिंतींतून आत झिरपणारी उष्णता दुपटीच्या जवळ पोहोचते. शिवाय कंडेन्सर, म्हणजे मागची काळी जाळी, भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापली तरच उष्णता बाहेर जाते. जाळीचे तापमान 45 ऐवजी 60 अंशांवर गेले आणि फ्रीजर उणे 20 अंशांवर धरला, तर तेवढीच उष्णता काढण्यासाठी आदर्श गणितानेही सुमारे 23 टक्के अधिक काम लागते. अनेक फ्रीजच्या माहितीपट्टीवर हवामानवर्गाचे अक्षर असते : ‘एन’ म्हणजे भोवतालचे तापमान 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे 38 आणि ‘टी’ म्हणजे 43 अंशांपर्यंत. ‘एन’ वर्गाचा फ्रीज वैशाखात पत्र्याखाली ठेवून त्याच्याकडून बर्फाची अपेक्षा करणे हा त्या यंत्रावर अन्यायच आहे.

दुसरा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘गॅस संपला’. कॉम्प्रेसर, जाळी, केसासारखी बारीक कॅपिलरी नळी आणि फ्रीजर यांची साखळी पूर्ण बंदिस्त असते, तिच्यातला वायू फिरत राहतो, जळत किंवा खर्च होत नाही. म्हणून तो कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. योग्य दुरुस्तीत दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधली जाते, सांधा झाळला जातो, ओलावा टिपणारा फिल्टर बदलला जातो, पंपाने नळ्या निर्वात केल्या जातात आणि मगच वायू वजन करून भरला जातो. भारतात सीएफसी वायू वापरून नवे फ्रीज बनवणे 2003 पासून बंद झाले, त्यामुळे त्याआधीच्या फ्रीजमध्ये आर-12 असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या जागी आर-134ए सरळ भरला तर जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही आणि कॉम्प्रेसरला वंगण नीट मिळत नाही. अलीकडच्या अनेक फ्रीजमधला आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही असतो, म्हणून बंद शेडमध्ये त्याच्या नळीजवळ झाळणीची ज्योत नेणे धोक्याचे ठरते.

गॅसचा निष्कर्ष काढण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी बहुतेक फुकट आहेत. प्लग काढून जाळीवरची धूळ ब्रशने झाडावी, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, दरवाजाच्या रबरात कागद अडकवून तो सहज निसटतो का हे चारही बाजूंनी पाहावे, आणि दरवाजा मिटल्यावर आतला दिवा विझतो याची खात्री करावी. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवला की खरे तापमान कळते. ते 5 अंशांच्या वर असेल तर दूध आणि शिजवलेले अन्न फार काळ सुरक्षित राहत नाही. दोन्ही बाजूंचा पत्रा गरम लागणे हे मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे, कारण अनेक मॉडेलमध्ये कंडेन्सरच्या नळ्या त्याच पत्र्यामागे असतात. त्यावर चादर किंवा पोती टाकणे हीच चूक.

थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला की फ्रीज लवकर थंड होतो, हाही भ्रम आहे. साध्या कॉम्प्रेसरचा वेग तोच राहतो, तो फक्त उशिरा थांबतो, आणि तापलेल्या शेडमध्ये कदाचित थांबतच नाही. फ्रीजरमधला जाड बर्फ चांगल्या थंडाव्याची खूण मानला जातो, पण तो उष्णतेच्या वाटेत अडथळा बनतो. तो सुरीने खरवडताना ॲल्युमिनियमची पातळ नळी फुटते आणि चालता फ्रीज एका फटक्यात निकामी होतो. प्लग काढून बर्फ आपोआप वितळू द्यावा.

स्टॅबिलायझरने वीज वाचत नाही. कमी दाबात मोटर सुरू होऊ शकत नाही, जास्त प्रवाह ओढून तापते आणि संरक्षक कळ दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज करून ती बंद करते; या त्रासापासून स्टॅबिलायझर वाचवतो. वीज जाऊन आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबणेही आवश्यक असते, कारण कॅपिलरीच्या दोन्ही बाजूंचा दाब समान झाल्याशिवाय मोटरला उठता येत नाही.

हे सारे पाहूनही फ्रीज थंड होत नसेल, तर दुरुस्तीआधी तो दोन दिवस घरातल्या सावलीच्या, हवेशीर खोलीत चालवून पाहावा. तिथे तो नीट चालला तर दोष जागेचा असतो. तिथेही चालला नाही आणि नळी गळत असेल, तर वीस वर्षांच्या यंत्रावर खर्च करू नये. मात्र नळ्या कापून वायू हवेत सोडणाऱ्या भंगारवाल्याला तो देऊ नये, कारण आर-12 चा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 10,000 पट असतो. ई-कचरा नियमांत फ्रीजचा समावेश असल्याने तो अधिकृत संकलकाकडे द्यावा, आणि तोवर शेडमध्ये पडून राहणार असेल तर त्याचा दरवाजा काढून ठेवावा, म्हणजे लपाछपी खेळणारे मूल आत अडकणार नाही.