चापिंगोहून नागपूरला

वाचकहो, परदेशी शिकविणारा मुलगा किंवा भाऊ सुटीत घरी यावयाचा आहे, हा प्रसंग आता आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. विमानास चार तास उशीर झाला, तरी घरातील वडीलधाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. पण ज्यास घरी परतावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, अशा एका अध्यापकाची हकीगत आपल्या कानी आली आहे काय?

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याकडचे. देश स्वतंत्र करावयाचा, या ध्यासाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते ऐन तारुण्यात घराबाहेर पडले व जपानमार्गे अमेरिकेत पोचले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. गदर चळवळीच्या उभारणीत ते होते, आणि पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढलेही. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव चढले आणि मायदेशाची वाट बंद झाली.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी पिकांच्या सुधारणेचे शास्त्र शिकविले, मक्यावर संशोधन केले, गोरगरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात मेजाभोवती बसलेल्या मंडळींना भाकर वाटणारा एक पुरुष आहे. तो खानखोजे यांचाच चेहरा, असे मानले जाते. वैदर्भी माणसाला त्या देशात अगदीच परके वाटले नसावे, अशी माझी आपली समजूत आहे. मक्याची भाकर आणि मिरची यांवर वाढलेला तो मुलूख! आपल्या स्वयंपाकघरातली मिरचीही मूळची त्याच भूखंडावरची, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत, एवढेच.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आता दार उघडेच असणार, असे आपण म्हणाल. परंतु गोरा साहेब गेला तरी त्याचे दप्तर मागे राहिले होते. जुन्या काळ्या यादीतील नाव तसेच असल्यामुळे खानखोजे यांना स्वदेशात येण्याची परवानगी प्रथम नाकारण्यात आली. ती पुढे मिळाली. ज्या राज्याशी आयुष्यभर वैर केले, त्याच राज्याच्या कागदाने स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यावर आपणांस अडवावे, हे त्यांना कसे लागले असेल, याची कल्पना आपणच करावी.

१९४९ च्या सुमारास ते आले, जुन्या मध्यप्रदेश सरकारला शेतीविषयक सल्ला देण्यासाठी. त्या प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर होती. म्हणजे सरकारी काम आणि घरची भेट एकाच वाटेवर! १९५५ साली ते सहकुटुंब नागपुरास कायमचे राहावयास आले.

'सहकुटुंब' या शब्दापाशी मात्र क्षणभर थांबावेसे वाटते. त्यांच्या पत्नी बेल्जियमच्या, दोन्ही मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. पित्याचे ते घरी परतणे होते. त्या तिघींना मात्र आपले घर मागे टाकून यावे लागले. अशा प्रवासाच्या कथांत आपण पहिल्याचे स्वागत करतो आणि दुसऱ्यांना विचारावयाचे राहून जाते. थोरली कन्या सावित्री साहनी यांनी पुढे पित्याचे चरित्र इंग्रजीत लिहिले, ही त्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू.

१९६७ साली नागपुरास खानखोजे यांचे निधन झाले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तेथे जाऊन केले.