सहा फुटांवरचा माणूस आणि उबदार स्लीपिंग बॅग

दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून अनेक जण केदारकंठाच्या ट्रेकला जातात. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरीहून चालायला सुरुवात होते, पुढे बर्फावर तंबू लागतात आणि रात्री पारा शून्याखाली उतरतो. तंबूतला उंच माणूस अशा रात्री बऱ्याचदा इतरांपेक्षा जास्त कुडकुडतो. आपल्याला थंडी सोसत नाही, असं तो धरून चालतो. माझं म्हणणं असं, की त्याने आधी बॅगेचं माप तपासावं.

पण मापाआधी आकड्याबद्दल बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. बॅगेवर उणे ५ लिहिलंय म्हणजे उणे ५ अंशांत आपल्याला गाढ झोप लागणार, हा समज चुकीचा आहे. युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅगांच्या चाचणीचं एक मानक आलं आणि २०१६ साली त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ने घेतली. या चाचणीत माणसाच्या आकाराचा, आतून तापवलेला पुतळा कपडे घालून बॅगेत झोपवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजतात. त्यावरून वेगवेगळे आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रमाण स्त्रीला अंग सैल सोडून झोपता येईल ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे १७३ सेंटिमीटर उंचीच्या प्रमाण पुरुषाला अंगाचं मुटकुळं करून आठ तास जेमतेम काढता येतील ते तापमान. ‘एक्स्ट्रीम’वर तर सहा तास जीव तगून राहावा एवढीच अपेक्षा असते, गारठून शरीराला इजा होण्याचा धोका तिथे गृहीतच धरलेला असतो. अनेक बॅगांवर ठळक छापलेला आकडा ‘लिमिट’चा असतो, काहींवर ‘एक्स्ट्रीम’चाही. निवड ‘कम्फर्ट’वरूनच करावी, तीही अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश हातचे राखून. मानकाचा उल्लेखच नसेल, तर त्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

आता १७३ सेंटिमीटर या उंचीकडे पुन्हा पाहा. तुमची उंची १९० असेल, तर हा आकडा तुमच्यासारख्या अंगासाठी काढलेलाच नाही. तो तुम्हाला लागू पडायचा, तर निदान बॅग तुमच्या मापाची हवी.

‘थोडी आखूड असली तर चालेल, पाय दुमडून झोपू,’ असं दुकानात सहज म्हटलं जातं. ते चालत नाही. बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्या भरणात अडकलेली हवा तुमच्या अंगाची उष्णता धरून ठेवते. पावलं टोकाला दाबली गेली की तिथलं भरण चेपतं, हवा निघून जाते, आणि बोटांच्या व थंडीच्या मधे जवळजवळ नुसतं कापड उरतं. त्यात थंडीत शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आधी कमी करतं, म्हणजे पावलं तशीही आधी गारठतात. वरच्या बाजूला खांदे बाहेर राहतात, गळ्याशी बसायची पट्टी छातीवर येते, हूड डोक्यावर नीट बसत नाही आणि प्रत्येक हालचालीसरशी आतली ऊब बाहेर पडते. पाय दुमडले तर गुडघे कडेला टेकतात आणि तिथलं भरण चेपतं.

बॅगेची लांबी आणि ती कोणाला पुरेल ती उंची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २१० सेंटिमीटर लांबीची बॅग २१० सेंटिमीटरच्या माणसाला पुरत नाही. हूड आणि टोकाच्या भरणात बरीच जागा जाते. शिवाय उताणं झोपल्यावर पावलं पुढे झुकतात आणि माणूस उभा असतो त्याहून लांब होतो. ‘रेग्युलर’ बॅग साधारण १८३ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि ‘लाँग’ साधारण १९८ पर्यंतच्या माणसासाठी असते. उंची १८०च्या आसपास असेल, तर लाँगच घ्यावी. खात्रीचा उपाय म्हणजे दुकानातच आत शिरून, चेन लावून, हूड आवळून उताणं पडायचं. बोटं टोकाला टेकली, तर ती बॅग आपली नाही.

म्हणून सगळ्यात लांब, सगळ्यात ऐसपैस बॅग घ्यावी का? तेही नको. रिकामी जागा अंगालाच तापवावी लागते. चार बोटं मोकळी असली तर बिघडत नाही. त्याहून जास्त असेल, तर तिथे कोरडं जॅकेट कोंबावं.

जड बॅग जास्त उबदार असते, हेही खरं नाही. पिसांच्या बॅगेत पिसं किती फुलतात (‘फिल’चा आकडा तेच सांगतो) आणि एकूण किती भरली आहेत, या दोन्हींवर ऊब ठरते. ‘८०० फिल’ची पिसं ‘६००’पेक्षा कमी वजनात तेवढीच ऊब देतात, पण ८००ची पिसं थोडीच भरली असतील, तर ६००ची भरपूर भरलेली बॅग जास्त उबदार ठरेल. भिजली की पिसं बसतात. सह्याद्रीतल्या दमट हवेसाठी म्हणूनच मला सिंथेटिक बॅग बरी वाटते.

मॅटकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बॅगेचं खालचं भरण अंगाच्या वजनाने चेपलेलंच असतं, त्यामुळे जमिनीचा गारवा अडवण्याचं काम मॅटचं. ते ती किती करते हे ‘आर-व्हॅल्यू’ सांगते. बर्फावर ती चारपाच तरी हवी. साध्या फोम मॅटची दोनच्या आसपास असते, पण एकावर एक दोन मॅट घातल्या की आकड्यांची बेरीज होते. इथेही उंचीचा प्रश्न आहेच. नेहमीची मॅट १८३ सेंटिमीटरची असते, त्यामुळे उंच माणसाच्या टाचा तिच्याबाहेर जातात. तिथे रिकामी सॅक पसरावी.

उघड्या अंगाने झोपलं की बॅग जास्त तापते, हाही गैरसमज. कोरडे, सैल थर्मल, मोजे आणि टोपी घालूनच झोपावं. घट्ट कपडे आणि दिवसभर घामेजलेले मोजे तेवढे बदलावेत.

ट्रेक आयोजकांकडच्या बॅगा बऱ्याचदा एकाच मापाच्या असतात. नाव नोंदवतानाच आपली उंची सांगून लांब बॅग आहे का हे विचारावं, नसेल तर इथूनच भाड्याने न्यावी. एवढं करूनही आखूड बॅग वाट्याला आली, तर जाड जॅकेट आत कोंबू नये. पावलांच्या बाजूला बाहेरून सैल गुंडाळावं आणि डोक्याला लोकरीची टोपी घालावी.