जवळची शाळा की नावाजलेली? पालकांची तुलना आणि मुलाची पोटदुखी

शाळा सुरू झाल्या की आमच्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. मूल सात-आठ वर्षांचं. बेंबीभोवती दुखतं. रविवारी संध्याकाळी कुरकुर सुरू होते आणि सोमवारी सकाळी गणवेश घालताना जोर धरते. सुट्टीच्या दिवशी मात्र मूल ठणठणीत. सोबत जाडजूड फाइल असते. रक्त, लघवी, शौचाच्या तपासण्या नॉर्मल. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘मेसेंटेरिक लिम्फ नोड्स’ म्हणजे पोटातल्या लसिका गाठी किंचित मोठ्या असल्याची ओळ. (या गाठी कितीतरी निरोगी मुलांच्या सोनोग्राफीतही दिसतात. तेवढ्या एका ओळीने घाबरून जाऊ नका.)

मी मुलाला विचारते, ‘शाळा कशी आहे रे?’ उत्तर बहुतेकदा आईबाबांकडून येतं. ‘आम्ही इथल्या जवळच्याच मराठी शाळेत घातलंय, पण सोसायटीतली बाकीची मुलं मोठ्या इंटरनॅशनल शाळेत जातात.’ किंवा नेमकं उलट, ‘एवढ्या लांबच्या, महागड्या शाळेत घातलं म्हणून घरचेच टोमणे मारतात.’ मी विचारलं मुलाच्या शाळेबद्दल, उत्तर आलं लोकांबद्दल.

पोट खरंच दुखतं का?

हो, खरंच दुखतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत देणंघेणं चालतं. ताण वाढला की हे जाळं हळवं होतं. एरवी न जाणवणारी आतड्यांची हालचाल, थोडासा वायूसुद्धा दुखायला लागतो. याला फंक्शनल पोटदुखी म्हणतात. महिन्यातून निदान चार वेळा, असं दोन महिने किंवा जास्त दुखत असेल आणि तपासणीत दुसरं कारण सापडत नसेल, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. त्यामुळे ‘नाटकं करतोय’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

मूल ऐकत असतं

‘महापालिकेच्या शाळेत? अगं, पुढे इंग्रजीचं काय करशील?’ ‘लाखभर फी भरून शिकवतात काय, तर नाच आणि स्विमिंग.’ ही वाक्यं वाढदिवसाच्या पार्टीत, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत मुलांच्या डोक्यावरून बोलली जातात. मुलांना त्यातलं सगळं कळत नाही. आपल्यात किंवा आपल्या शाळेत काहीतरी कमी आहे, एवढं मात्र नीट कळतं. लांबच्या शाळेतलं मूल वेगळं ओझं घेऊन फिरतं. ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे पैसे ओततो’ हे ऐकलेल्या मुलाला पाढा चुकला तरी कर्ज बुडवल्यासारखं वाटतं.

टोमणे दोन्ही बाजूंनी येतात. मी स्वतः मुलीला घराजवळच्या मराठी शाळेत घातलं आणि दोन-तीन वर्षं इतरांकडे जरा वरूनच पाहिलं. ‘मुलांना मातीपासून तोडलं’ वगैरे मीही बोलले आहे. त्या आईबाबांच्या घरचं गणित काय होतं, बदलीची नोकरी होती का, घरात मुलाचा अभ्यास घेणारं कुणी होतं का, हे कधी विचारलं नाही. निर्णय पक्का नसला की आपण दुसऱ्याचा निर्णय खोडून स्वतःची समजूत घालतो. बोलणी सर्वात जास्त खाते ती आई, मग शाळा कुणीही निवडलेली असो.

नावापेक्षा घड्याळ बघा

आरोग्याच्या दृष्टीने शाळेचं बोर्ड किंवा माध्यम हा माझा पहिला प्रश्न नसतो. मूल किती वाजता उठतं, हा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. बस साडेसहाला येत असेल तर मूल पावणेसहाला उठणार, म्हणजे रात्री पावणेनऊला गाढ झोपलेलं हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत तेव्हा कुकरची शिट्टीही झालेली नसते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे.

दुसरा प्रश्न पालकांना चमत्कारिक वाटतो: शी कधी होते? पहाटे घाईत बसायला वेळ नाही, शाळेच्या संडासात जायचं नाही, परत यायला तीन वाजतात. तोवर मूल दाबून धरतं, पाणीही मुद्दाम कमी पितं. काही आठवड्यांत बद्धकोष्ठता होते आणि पोट दुखू लागतं. असं मूल जवळच्या शाळेतही सापडतं, कारण अस्वच्छ संडास कुठेही असू शकतो. सकाळी दहा मिनिटं आधी उठवून, काहीतरी गरम प्यायला देऊन, पाय टेकतील असं बसवा. बद्धकोष्ठता जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने औषध लागू शकतं, मध्येच सोडू नका.

खेळायला रोज तासभर मिळतो का आणि शाळेत मन मोकळं करावं असं एक तरी मोठं माणूस आहे का, हेही विचारा.

झोप, शौच आणि खेळ जमत असेल तर शाळा लांबची असली तरी चालेल. शाळेत मारहाण, चिडवाचिडवी होत असेल, वाचन-लेखनातली अडचण कुणी समजून घेत नसेल किंवा प्रवासच झोप खात असेल, तर शाळा बदलण्याचा विचार जरूर करा. शेजारणीच्या बोलण्यावरून मात्र बदलू नका. तिला ‘आमचं तिथं बरं चाललंय’ एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते मुलासमोर सांगा.

पोट दुखतं म्हणून घरी ठेवत गेलात तर दुखणं लांबतं. लक्षात आलेली अडचण शिक्षकांशी बोला, मुलाला जवळ घ्या आणि शाळेत पाठवा, सुरुवातीला अर्धा दिवस का होईना.

लगेच डॉक्टरांना कधी दाखवायचं?

वजन घटत असेल किंवा उंची वाढत नसेल, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, शौचातून रक्त जात असेल, उलट्या किंवा ताप वारंवार येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, किंवा दुखणं बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, तर त्याला ताण समजून घरी थांबू नका. पोटात एकाएकी जोरात कळा येत असतील, उलटी हिरवी होत असेल किंवा मुलग्याच्या अंडकोषात दुखत असेल, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि या सगळ्या बोलण्यांनी तुमचीच झोप उडाली असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता.