माळ्यावरचा मारिओ

दोस्तांनो, तुमच्या घरी माळा आहे ना? मोडका टेबलफॅन, गणपतीच्या मखराचे सामान, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला डिनर सेट, अशी सगळी मंडळी तिथे वर्षानुवर्षे सुखाने नांदत असतात. पण त्यांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, कधी कधी खजिनाही असतो बरं का! आमच्याकडे होता. आणि तो भंगारात जाता जाता अगदी थोडक्यात वाचला. त्याचीच ही गोष्ट.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आजोळी आली होती. सातवीतून आठवीत गेलेली, म्हणजे सगळे काही कळते अशा वयाची! पावसाळ्याआधी माळा रिकामा करायचे आईने ठरवले होते. मी शिडीवर, भाची खाली. एक पुठ्ठ्याचे खोके मी तिच्या हातात दिले. आत पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा एक डबा, वायरीला जोडलेली दोन रिमोटं, एक खेळण्यातली बंदूक, चार कॅसेटी आणि एक जुनी शंभर पानी वही.

"मामा, हे काय?"

"अगं, हा आमचा व्हिडिओ गेम! टीव्हीला लावून खेळायचा."

"भंगारवाला बुधवारी येतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पेपरांच्या गठ्ठ्याजवळ ठेवा ते."

बुधवारला तीन दिवस होते. तेवढे पुरे होते!

फुंकर मारू नका!

आमच्या नव्या चपट्या टीव्हीला डबा जोडला. कॅसेट खाचेत बसवली. बटण दाबले. पडद्यावर नुसता करडा रंग. मग मी काय केले असेल? तुमच्या बाबांना विचारा, ते लगेच सांगतील. कॅसेट काढली आणि तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारली!

"शी! मामा, थुंकी जाते आत," भाची म्हणाली.

आता कबूल करायला हवे, तिचेच बरोबर होते. या कॅसेटीत गाण्याच्या कॅसेटीसारखी फीत नसते. आत असते एक छोटीशी पाटी आणि तिच्यावर चिप. पाटीच्या कडेला धातूच्या साठ बारीक पट्ट्या असतात, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. त्या खाचेतल्या पिनांना नीट टेकल्या की खेळ सुरू. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि हळूहळू धातूवर गंज चढतो. मग तेव्हा फुंकर मारल्यावर खेळ चालू व्हायचा तो कसा? अहो, कॅसेट काढून पुन्हा बसवली म्हणून! पट्ट्या पुन्हा घासल्या जायच्या, नीट टेकायच्या. श्रेय मात्र फुंकरीला.

औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणली. कापसाची काडी त्यात किंचित बुडवून पट्ट्यांवरून फिरवली. काडी काळी कुळकुळीत! दहा मिनिटे वाळू दिले, कॅसेट बसवली, आणि... टुंग टुंग टुंग! टोपीवाला मारिओ हजर!

९९९९ खेळ, पण किती?

कॅसेटवर ऐटीत छापले होते: "९९९९ इन १". भाचीचे डोळे विस्फारले. मी वही उघडून तिच्यापुढे धरली. लहानपणी माझ्या दादाने एक अख्खी सुट्टी घालवून त्या यादीतला एकेक खेळ तपासला होता. त्याचा निकाल वहीत लाल शाईने लिहिला होता: "खरे खेळ ५२. बाकी सगळी फसवाफसवी." तोच खेळ, कधी पहिल्या पायरीपासून, कधी पाचव्या पायरीपासून, नाव मात्र वेगळे!

पण जे खरे होते ते किती सुंदर होते! मारिओ, काँट्रा, सर्कस, रोड फायटर. आणि "टँक". त्याचे खरे नाव बॅटल सिटी. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली काढला. खाली मधोमध विटांच्या भिंतीआड एक गरुड असतो. शत्रूचे रणगाडे वरून येतात. एकाने पुढे जाऊन लढायचे, दुसऱ्याने गरुड राखायचा. दोघे मिळून खेळायचा तो खेळ. अशा ३५ पायऱ्या!

पुढचे मात्र ऐका. या कॅसेटीत खेळ जपून ठेवायची सोयच नव्हती. विसाव्या पायरीवर पोहोचलात आणि लाईट गेली, की पुन्हा श्रीगणेशा! वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात नियम लिहिला होता: "रोज अर्धा तास. लाईट गेल्यास वेळ भरून मिळणार नाही."

हा डबा आला कुठून?

टीव्हीवर घरबसल्या खेळायची कल्पना राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरची. ते जर्मनीत जन्मले आणि १९३८ साली, लहान वयातच अमेरिकेत आले. त्यांच्या कल्पनेतून १९७२ साली "मॅग्नाव्हॉक्स ओडिसी" हे पहिले घरगुती यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. रंगीत चित्राचा पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि गुण कागदावर लिहायचे!

आपल्याकडच्या डब्याचा खरा पूर्वज मात्र जपानी. क्योटो शहरात १८८९ साली निन्टेन्डो ही कंपनी सुरू झाली. ती काय बनवत होती, ओळखा पाहू? खेळायचे पत्ते! त्याच कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी "फॅमिली कॉम्प्युटर", म्हणजेच फॅमिकॉम, विकायला काढला. तो तयार करणाऱ्या इंजिनिअरांचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा. १९८५ साली तो अमेरिकेत गेला. भारतात नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारे डबे बहुतेक त्याची नक्कल होते. परवानगी न घेता केलेली नक्कल, हेही खरे. पण अस्सल यंत्र परवडत नव्हते, तेव्हा आपल्या अनेक घरांत मारिओ शिरला तो याच चोरवाटेने!

चाळीस किलोबाइटची दुनिया

आता थोडे गणित करू. पहिला "सुपर मारिओ ब्रदर्स" १९८५ सालचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंडो यांचे. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, गाणी, शत्रू, सगळे मिळून किती जागा? फक्त ४० किलोबाइट! तुमच्या घरच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो दोन मेगाबाइटचा धरला, तर तेवढ्या जागेत हा अख्खा खेळ पन्नास वेळा मावेल.

हे जमले कसे? काटकसर करून. पुढच्या वेळी खेळताना नीट बघा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे! रंग तेवढा बदलला, पांढऱ्याचा हिरवा केला. मारिओच्या मिशीचीही अशीच गंमत. तो पहिल्यांदा दिसला १९८१ च्या "डाँकी काँग" या खेळात. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून नाकाखाली मिशी लावली. केस काढायला नकोत म्हणून टोपी घातली. अडचणीतून चेहरा जन्माला आला आणि तो जगभर गाजला!

काँट्राची गंमतही ऐका. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. ही बटणे या क्रमाने दाबली की तीनऐवजी ३० जीव मिळायचे. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली "ग्रेडियस" हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड जाऊ लागला, की तपासणीसाठी त्यांनी ही युक्ती घातली. मग ती काढायची राहून गेली. खेळ बनवणाऱ्यालाही खेळ जमत नाही, हे ऐकून तुम्हाला बरे वाटले की नाही?

बंदुकीचे गुपित

मंगळवारी आम्ही "डक हंट" लावला. बदके उडू लागली. भाचीने नेम धरला. ठो! काही नाही. पुन्हा ठो! काही नाही. कुत्रा मात्र गवतातून डोके वर काढून खी खी हसतोय.

"बंदूक बिघडली. उद्या देऊन टाका," आई म्हणाली.

पण थांबा! या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. उलट, तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक छोटा डोळा असतो. घोडा ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. आधी काळोख, मग उजेड, असे त्या डोळ्याला दिसले तर नेम लागला! म्हणून दिव्याच्या बल्बकडे बंदूक रोखून लबाडी करता येत नाही. हे सगळे इतक्या झटपट होते, की आपल्याला नुसता एक चमकारा जाणवतो.

जुन्या डबा टीव्हीवर चित्र यंत्राकडून निघाले की तत्क्षणी उमटायचे. नवा चपटा टीव्ही आधी चित्रावर काम करतो, मग दाखवतो. हा उशीर आपल्या लक्षातही येत नाही, पण बंदुकीच्या लेखी तेवढ्यात गाडी सुटलेली असते! शेजारच्या काकूंकडे जुना डबा टीव्ही अजून होता. तिथे नेऊन लावला आणि पहिल्याच गोळीला बदक खाली! काकूंनी टाळ्या वाजवल्या.

बघा मुलांनो, बंदूक शाबूत होती. आम्ही मात्र ती टाकायला निघालो होतो.

खड्ड्यातून संग्रहालयात

असे मोठमोठ्या कंपन्यांचेही होते. १९८२ साली अटारी कंपनीने "ई.टी." सिनेमावर एक खेळ काढला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ पडला. १९८३ साली, न खपलेला इतर माल आणि त्याबरोबर या कॅसेटी अमेरिकेतल्या अलामोगोर्डो गावी खड्ड्यात पुरल्या गेल्या. एप्रिल २०१४ मध्ये लोकांनी तो खड्डा पुन्हा खणला! त्यातली एक कॅसेट आज स्मिथसोनियन या प्रसिद्ध संग्रहालयाकडे आहे.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. तिथल्या २०१० पूर्वीच्या खेळांपैकी शंभरातले ८७ खेळ आता दुकानात सरळ विकत मिळत नाहीत, असे तिच्यात दिसले. म्हणजे ते टिकले तर कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी माळ्यावर!

तुम्हीही संग्रह करणार?

मग या गोष्टी लक्षात ठेवा.

१. सुरुवात घरातून करा. मामा, काका, आत्या, सगळ्यांना विचारा. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार मोठ्यांबरोबरच पालथा घाला.

२. किमतीच्या मागे लागू नका. २०२१ साली "सुपर मारिओ ६४" ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. पण सीलबंद म्हणजे न खेळलेली! तुमची कॅसेट खेळायची आहे. आणि महाग म्हणून कुणी विकत असेल तर आधी शंका घ्या, नकली खूप असतात.

३. स्वच्छ करण्यापूर्वी प्लग काढा. अल्कोहोल पेट घेते, म्हणून गॅस आणि निरांजनापासून दूर, घरातले कुणी मोठे जवळ असतानाच वापरा. जुना अॅडॉप्टर गरम होत असेल तर तो टाकून योग्य नवा घ्या.

४. डबा टीव्हीचे मागचे झाकण कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आत जोराचा शॉक बसण्याइतकी वीज उरलेली असू शकते.

५. काही अस्सल कॅसेटींत खेळ जपण्यासाठी छोटी बॅटरी असते. ती संपली की जपलेले सगळे पुसले जाते. ती बदलायचे काम जाणकार मोठ्या माणसाचे.

६. एक वही ठेवा. कॅसेट कुठे मिळाली, अस्सल की नक्कल, आणि ती कोण खेळायचे, हे लिहा. याला एक पैसाही लागत नाही.

आणि बुधवार उजाडला

सकाळी भंगारवाल्याची हाक आली. आई पेपरांचा गठ्ठा घेऊन उठली. तेवढ्यात भाची म्हणाली, "आजी, हे शेवटचं पान वाचलंस का?"

वहीच्या शेवटच्या पानावर बाबांचे अक्षर होते. आम्हाला अर्ध्या तासावर एक मिनिट जास्त न देणारे बाबा! "टीव्हीची ट्यूब जाईल" म्हणून ओरडणारे बाबा! लिहिले होते: "टँक. पायरी ३५. रात्री ११.४०. मुले झोपली आहेत. दोघांनी मिळून. सांगू नये."

बाबा आता नाहीत. आईने वही हातात घेतली, बराच वेळ ते पान बघत राहिली. मग म्हणाली, "तो खाली विटांत गरुड असायचा ना, तो राखायचं काम माझं. हे आपले पुढे पळायचे."

खाली भंगारवाल्याने पुन्हा हाक मारली. आईने खिडकीतून त्याला सांगितले, "आज फक्त पेपर आहेत हो!" आणि भाचीकडे वळून म्हणाली, "दुसरं रिमोट चालतं का गं?"

तेव्हा दोस्तांनो, शिडी नीट धरायला कुणाला तरी उभे करा आणि माळ्यावर डोकावा. काय सापडले ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, वही सापडली तर शेवटचे पान आधी वाचा!