योग्य वकिलाची निवड कशी करावी?

मरोळ गावठाणातील एखाद्या जुन्या घराचे मालमत्ता पत्रक काढून पाहिले, तर त्यावर पुष्कळदा आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव आढळते. आजोबांना सात मुले, त्यांतील तिघे परलोकवासी, एक कॅनडात, एक वसईस आणि उरलेले दोघे त्याच घरात. वारस नोंद कोणी केली नाही, कारण तशी गरज कधी भासली नाही. मग एके दिवशी विकासकाचा माणूस नव्या इमारतीचा नकाशा आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन येतो. ‘वकील आमचाच आहे, तुम्हाला एक पैशाचाही खर्च नाही’, असे तो सौजन्याने सांगतो. येथेच आपल्या कुटुंबांनी सावध व्हावे, असे आम्हांला वाटते.

विकासकाने नेमलेला वकील प्रामाणिक असू शकतो, बहुधा असतोही. परंतु त्याचा अशील विकासक आहे. विकासकाचे हित जपणे हे त्याचे कर्तव्यच होय. आपले हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र किंवा विकास करारनामा त्यानेच तयार केला आणि आपण त्याच्याच सल्ल्याने सही केली, तर आपल्या बाजूने तो कागद कोणीच वाचलेला नसतो. म्हणून अशा कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्यावी आणि आपण स्वतः फी दिलेल्या वकिलाकडून ती वाचून, मराठीत समजावून घ्यावी. एका कागदाच्या वाचनासाठी द्यावी लागणारी फी घराच्या किमतीच्या तुलनेत अगदीच क्षुल्लक असते. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही कुलमुखत्यारपत्र देणे निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. त्याच्या बळावर दुसरा माणूस आपल्या नावाने पुष्कळ काही करू शकतो.

जमिनीचा प्रश्न मरोळला नवा नाही. येथील धर्मग्रामाचा इतिहास १५७९ साली कोंडिविटे येथे बांधलेल्या चर्चपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगामुळे वस्ती हलली आणि चर्चही मरोळला आले. त्या जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. ज्यांच्या पूर्वजांची शेते औद्योगिक वसाहतीखाली गेली, त्यांच्यापाशी आज गावठाणातील घर एवढीच वडिलार्जित ठेव उरली आहे. तिचे कागद कोणाच्या हाती द्यावेत, हा प्रश्न म्हणूनच जपून सोडवायला हवा.

‘चांगला वकील सांगा’, अशी विनंती धर्मगुरूंकडे व ज्येष्ठांकडे नेहमी केली जाते. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: आपले काम कोणत्या न्यायालयात किंवा कार्यालयात जाणार आहे? डोळ्यांच्या तक्रारीसाठी आपण अस्थितज्ज्ञाकडे जात नाही. वकिलीतही कामांची तशीच विभागणी असते. फौजदारी तक्रारीची पहिली पायरी आपल्यासाठी अंधेरीचे दंडाधिकारी न्यायालय. मालमत्तेचे दिवाणी दावे दिंडोशी येथील शहर दिवाणी न्यायालयात चालतात. २०२४ पासून या न्यायालयाची मर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढल्यामुळे, पूर्वी उच्च न्यायालयात जाणारे अनेक दावे आता तेथेच दाखल होतात. भाडेकरू आणि घरमालक यांचे वाद लघुवाद न्यायालयाच्या वांद्रे शाखेत, तर वैवाहिक वाद वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात जातात. वारस नोंद आणि मालमत्ता पत्रकातील फेरफार हे तर न्यायालयाचे कामच नव्हे. ते नगर भूमापन कार्यालयाचे काम आहे. ते नीट जाणणारा, त्या कार्यालयात नित्य जाणारा वकील ते काम करील. उच्च न्यायालयातील नामांकित वकिलाला कदाचित त्या कार्यालयाचा जिनाही ठाऊक नसेल.

म्हणून आपले काम जेथे आहे, त्या न्यायालयात आठवड्यातून चार दिवस उभा राहणारा वकील हा बहुतेक कुटुंबांसाठी योग्य वकील होय. त्याचे कार्यालय मरोळमध्ये किंवा अंधेरीत असेल तर अधिक सोयीचे, कारण वृद्ध आईवडिलांना सही करण्यासाठी फोर्टपर्यंत न्यावे लागत नाही.

यापुढचा मुद्दा खास आपल्या समाजाचा आहे. ख्रिस्ती कुटुंबाचा वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ठरतो. मुंबईतील बहुसंख्य वकिलांना रोज काम पडते ते हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे. दोन्ही कायद्यांत मोठा फरक आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर आपल्या कायद्याने पत्नीला एकतृतीयांश आणि मुलांना मिळून दोनतृतीयांश वाटा जातो. त्यात मुलगा व मुलगी समान. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगीही. मुलाचे आधीच निधन झाले असेल, तर त्याचा वाटा त्याच्या मुलांकडे जातो. हिंदू कायद्यात मृताची आईदेखील पत्नी व मुलांबरोबर वारस असते. आपल्या कायद्यात मुले असताना आईला वाटा मिळत नाही. एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हिश्श्याची कल्पनाही आपल्याला लागू नाही. सवयीने हिंदू कायद्याचा हिशेब मांडणाऱ्या वकिलाने तयार केलेले वाटपपत्र म्हणूनच मुळात चुकीचे ठरू शकते. पहिल्या भेटीतच विचारावे: ‘आमच्यात विधवेचा वाटा किती?’ उत्तर तत्काळ आले तर उत्तम. ‘पाहून सांगतो’ असे उत्तर आले तरी तो माणूस सचोटीचा समजावा. ठामपणे चुकीचे उत्तर देणाऱ्याला मात्र नम्रपणे नमस्कार करून निघावे.

मृत्युपत्राच्या बाबतीतही असेच बारकावे आहेत. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या पती-पत्नीला त्या मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे निरर्थक ठरते. घर धाकट्या मुलाला द्यायचे आणि साक्षीदार म्हणून सही धाकट्या सुनेची घ्यायची, एवढ्या एका चुकीने बापाची इच्छा वाया जाऊ शकते. मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला, तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. उतारवयात पुनर्विवाह करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. प्रोबेटविषयीही गैरसमज आहे. २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट सक्तीचे राहिलेले नाही. गृहनिर्माण संस्था किंवा बँक तरीही ते मागते, तेव्हा कायद्याची तरतूद दाखवून पत्र लिहिणारा वकील आपले वर्षभराचे हेलपाटे वाचवू शकतो.

ज्यांचे मूळ गोव्यात आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब पुन्हा बदलतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असून वारसाहक्कासाठी तेथे स्वतंत्र कायदा आहे. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही तोच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. अशा घरच्यांनी गोव्यातील वकिलाचाच सल्ला घ्यावा.

आता एक नाजूक विषय. मोडलेल्या विवाहाचे दुःख घेऊन येणारे बंधुभगिनी बऱ्याचदा धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात आणि विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय मिळाला की आपण सर्वार्थाने मोकळे झालो असे मानतात. चर्चच्या दृष्टीने ते मोकळे झालेले असतात, देशाच्या कायद्याने नव्हे. चर्चच्या न्यायाधिकरणाच्या निर्णयाला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. दिवाणी हुकूमनामा नसताना दुसरा विवाह केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि त्या विवाहातून होणाऱ्या मुलांपुढे व पत्नीपुढे वारसाहक्काचे प्रश्न उभे राहतात. उलट बाजूने, केवळ न्यायालयीन घटस्फोट मिळाल्याने चर्चमध्ये पुन्हा विवाह करता येत नाही.

म्हणजे येथे दोन वेगवेगळ्या जाणकारांची गरज असते. धर्मसंहितेचे काम जाणणारे न्यायाधिकरणातील वकील वेगळे. त्यांची भेट आपल्या प्रमुख धर्मगुरूंमार्फत घ्यावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सुलभ केली आहे, त्यामुळे ‘दहा वर्षे लागतील’ या ऐकीव गोष्टीवर विसंबून राहू नये. कुटुंब न्यायालयाचे वकील वेगळे. त्यांना घटस्फोट अधिनियम, १८६९ आणि त्यातील २००१ ची दुरुस्ती ठाऊक असायला हवी. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद त्या दुरुस्तीनेच आली. काही भगिनी पोटगीसाठी किंवा मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात जाणे हे पाप समजून अन्याय सोसत राहतात. हक्कांच्या रक्षणासाठी, मुलांच्या पालनपोषणासाठी किंवा मालमत्तेच्या संरक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन करता येतो, असे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात नमूद आहे. याबाबत मनात शंका असेल तर धर्मगुरूंशी बोलावे. पण बोलण्यात वर्षे घालवू नयेत.

वकिलाचे नाव मिळवण्याचा सर्वांत जुना मार्ग अजूनही चांगला आहे. ज्यांचे अगदी तसेच काम पार पडले आहे, अशा शेजाऱ्याला विचारावे. ‘माझा भाचा वकील आहे’ हे पुरेसे कारण नव्हे. आपल्या समाजाने काका बॅप्टिस्टा यांच्यासारखा वकील देशाला दिला; माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले हे ईस्ट इंडियन गृहस्थ लोकमान्य टिळकांचे सहकारी होते व १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. त्यामुळे आपल्यातल्याच वकिलाकडे जावे असे वाटणे साहजिक आहे. तरीही धर्म आणि नाते यांपेक्षा कामाचा अनुभव महत्त्वाचा. संकेतस्थळांवरील ‘सर्वोत्तम वकिलांच्या’ याद्यांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. वकिलांना जाहिरात करण्यास आणि कामे मिळवण्यासाठी गळ घालण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा याद्यांविरुद्ध कारवाईचे आदेशही दिले. न्यायालयाच्या दारात ‘काम करून देतो’ म्हणत येणाऱ्या माणसाला आधी त्याचा सनद क्रमांक विचारावा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने दिलेला तो क्रमांक खऱ्या वकिलाला सांगता येतोच.

पहिल्या भेटीस जाताना मूळ कागद नेण्याऐवजी छायाप्रती न्याव्यात आणि घटना तारखांसह एका पानावर लिहून न्याव्यात. फी एकरकमी की प्रत्येक तारखेची, न्यायालयीन शुल्क त्यात आहे की वेगळे, हे स्पष्ट विचारण्यात संकोच नको. दिलेल्या पैशाची पावती मागावी. ‘खटला जिंकल्यावर घरातील दहा टक्के द्या’ असा करार वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी त्यास बंदी आहे. ‘नक्की जिंकू’ असे आश्वासन देणाऱ्याचे तर आम्हांला नेहमी भय वाटते. वकीलपत्रावर सही करावी लागते, पण कोऱ्या कागदांवर नाही. दावा दाखल झाला की त्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक घ्यावा. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते घरबसल्या समजते. घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांसाठी एवढे जरूर करावे.

फी परवडत नाही म्हणून हक्क सोडून देणाऱ्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आपल्यासाठी अर्ज मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनींपर्यंत ही गोष्ट पोहोचवण्याचे काम धर्मग्रामातील छोट्या ख्रिस्ती समूहांनी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

वकिलाशी पटले नाही तर तो बदलता येतो. सहसा आधीच्या वकिलाचे ‘ना हरकत’ घेतले जाते. फी बाकी आहे या कारणास्तव वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले आहे. गैरवर्तनाची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेऊन उपयोग नाही, कारण वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय मे २०२४ मध्ये झाला. अशी तक्रार वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी करावी, आणि तिच्यासोबत फीच्या पावत्या व वकिलाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा.